अर्धाच कप

मोठ्या काकूंच्या हातचा चहा पिऊन आजवर कोणी दगावलं नव्हतं, एवढं त्या चहाच्या बाजूने खात्रीने सांगता येतं. खुद्द काकूंचं मत याहून बरंच वरचं होतं.

काकूंची सगळी नोकरी दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीत गेली. आपण बाटली पुढे सरकवायची, पेशंटने मुकाट्याने घ्यायची, चवीबद्दल चर्चा नाही. हीच शिस्त त्यांनी घरी आणली. दर रविवारी दुपारी चारही भावांची कुटुंबं त्यांच्याकडे जमायची, पंचवीसेक माणसं, आणि चहाचा मक्ता काकूंचा. जर्मलचं भलंमोठं पातेलं मंडळी यायच्या तासभर आधीच शेगडीवर चढायचं आणि चहा रटरटत राहायचा. "उकळल्याशिवाय कस उतरत नाही," असं त्या ठणकावून सांगत. शेवटी गाळायचं फडकं त्या दोन्ही हातांनी असं पिळत, की आतल्या चहापावडरने सगळे गुन्हे कबूल करावेत.

मग ओगराळं घेऊन त्या बैठकीत येत, आणि जो तो कप पुढे करत म्हणे, "मला अर्धाच हं, काकू."

काकूंना याचा फार अभिमान. "आमच्या घरात कोणी हावरट नाही बाई," त्या शेजारणीला सांगत. "आणि चहा कमी पडला, असं एकदाही झालेलं नाही. उरतो तो संध्याकाळी गरम करून मी आणि हे पितो." हे, म्हणजे काका, त्या वेळी हमखास चपला शोधत असत.

धाकट्या जावेने एकदा म्हणून पाहिलं होतं, "वहिनी, आज मी टाकू का चहा?" काकूंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "चार कपांचं काम नाहीये ते. पंचवीस माणसांचं पातेलं सांभाळायला मनगट लागतं."

परवा मनगट शाबूत राहिलं आणि घोटा मोडला. पातेल्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, म्हणून काकू स्वतः स्टुलावर चढून ते माळ्यावरून काढत होत्या. काकू आणि पातेलं एकदमच खाली आली. पातेल्याला पोचासुद्धा आला नाही.

रविवारी काकू आतल्या खोलीत, पाय प्लॅस्टरमध्ये, उशीवर ठेवलेला. दार मुद्दाम उघडं. त्यांना खरं सांगायचं तर उत्सुकता लागली होती. आज या लोकांना आपली किंमत कळणार होती. धाकटीचा चहा एकदा तोंडात गेला, की सगळे कसे तोंडं वाकडी करतील, याची त्या कान टवकारून वाट पाहत होत्या.

पहिली शंका त्यांना स्वयंपाकघरातून आली. मंडळी येऊन बसली तरी चहा रटरटल्याचा आवाज नाही. मग पातेलं चढलं आणि बघता बघता उतरलंही. "कच्चाच उतरवला," काकू समाधानाने पुटपुटल्या.

बाहेर कप वाजले. मग नुसते फुरके ऐकू आले. काकूंनी उशीवरून मान उचलली.

"अजून आहे का गं?" हा मधल्या दिरांचा आवाज. गेली कित्येक वर्षं त्यांना पित्ताचा त्रास होता.

"मलाही. भरून दे, भरून."

"काकी, मला पण!" ही पोरं. पोरांना तर चहा आवडतच नाही, असं त्यांच्या आयांनी काकूंना सांगून ठेवलेलं.

आणि सगळ्यांच्या वरताण काकांचा आवाज, "तिसरा झाला, पण चालेल!"

काकूंचं तोंड कडू झालं. चहा न पिता. लबाड कुठले! एकालाही तोंड उघडायचा धीर झाला नाही, आणि ज्याच्याबरोबर संसार केला तो माणूस तर सगळ्यांत भित्रा निघाला.

धाकटी किटली घेऊन आत आली. "वहिनी, किती ओतू?"

"अर्धाच," काकू म्हणाल्या.

त्या घरात या शब्दाचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक होता. धाकटीचा चेहरा पडला. तिने अर्धा कप ओतला आणि ती बाहेर गेली. आपला नेम बरोबर लागला, हे काकूंना दिसलं आणि बरंही वाटलं.

मग त्यांनी घोट घेतला. आणखी एक घेतला. तिसऱ्या घोटाला कपाचा तळ लागला. काकूंनी कप तिरका करून आत पाहिलं. शेवटी हाक मारली, तीही अशा बारीक आवाजात, की दवाखान्याच्या खिडकीतल्या काकूंनी तसल्या पेशंटला उभंही केलं नसतं.

"अगं... तो उरलेला अर्धा आण."

धाकटी दारात आली. "संपला हो वहिनी," ती खाली बघत म्हणाली. "तुमच्यानंतर किटली मोठ्या भाऊजींनीच, तुमच्या ह्यांनीच, रिकामी केली. पातेल्यातही थेंब नाही."

काकूंच्या हातून ते पातेलं कधी रिकामं झालं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. काका हातातला कप घेऊनच धावत आले. "काय झालं? पाय दुखतोय का?"

"हो," काकू म्हणाल्या. "पायच."