पारवाला समुद्र

करडी गावच्या टीनाले शाळेनं सोडलं का टीनानं शाळेले, ह्यावर तिचं अन् तिच्या मायचं आजही भांडन होते. माय उषाबाई म्हनते, "तुह्यानं एका जागी बसनंच होत नाई." खोटं आहे ते. गोटे चिपकवाले बसली का टीना उठतच नाई. जेवाले बलावलं तं "हो" म्हनते अन् बसूनच राहते.

पवनीले तिच्या मामाचं घर आहे. तिथी गेली का वैनगंगेच्या रेतीत वाकून वाकून फिरते अन् थैलाभर गोटे घेऊन येते. चपटे, गुळगुळीत, कोनता कोंबडीसारखा, कोनता म्हाताऱ्याच्या पाठीसारखा. ते प्लायवर फेविकॉलनं चिपकवून फ्रेमा बनवते. गाव हासे. "गोटे येचते पोरगी, डोकं फिरलं." हासली नाई ते एकच, तिची मोठी बहीन मनाली, घरातली मनू. टीनानं शाळा सोडली तवा बापानं काठी उचलली होती. मनाली मधात आली, अन् वळ उठला तो मनालीच्या हातावर. तवापासून मनालीसाठी टीना कोनाच्याही अंगावर जाईन.

मनालीचं लगन नागपूरले झालं. सासू शकुनबाई तोंडाची कडू. त्यायनं नवीन फ्लॅट घेतला, वास्तूची तारीख निघाली, अन् मनालीचा फोन आला. दबून बोलून राहिली होती.

"टीने, सासू म्हनते, मोठ्या सुनेच्या माहेरानं झुंबर देलं, तुह्या माहेराचं का येते पाहू. मी सांगून टाकलं, माही बहीन फ्रेम आननार आहे. हालमधली समोरची भिंत खाली ठेवली मी. त्यायले समुद्रवाला सीन पायजे, पाखरं असलेला. जमन ना?"

"जमन नाई तं का? भिंत खालीच ठेव. कोनी दुसरं काही लावलं तं मी येऊन उपटून फेकन."

टीनानं समुद्र पाह्यला होता तो मोबाइलवर. मोबाइलचा समुद्र म्हनजे निळी पट्टी. तरी लागली कामाले. आंधळगावच्या सुताराकडून पेटीसारखी खोल फ्रेम करून आनली. मागं निळा कार्डशीट, खाली खरी रेती, गाळून घेतलेली. पाखरं पांढऱ्या गोट्यायची. मोठा गोटा पोट, लहान गोटा डोकं, चोच विटेच्या कपचीची, पाय वायरमधल्या तांब्याच्या तारेचे. एक पाखरू उडून राहिलं होतं, त्याचे पंख शिंपल्यायचे. लाटायवर कापसाचा फेस.

उषाबाई धानाची रोपं, पऱ्हे, खोदून घरी आली, पायाले चिखल तसाच. तिनं फ्रेम लय वेळ पाह्यली.

"पाखरं तं जित्ते वाटतेत वो. पन पार कुठी आहे, पानी अडवाचा बांध?"

"समुद्राले पार नसते, माय."

"पानी आहे अन् पार नाई, म्हनजे फुटलेला तलाव. फुटलेला तलाव पोरीच्या नव्या घरी नेशीन? अन् हे पाखरं संध्याकाळी बसतीन कुठी?"

टीना हासली, पन ते बोलनं काही मनातून जाईना. तलाव फुटला का गाव कसं होते ते तिनं लहानपनी पाह्यलं होतं. मानसं मातीची पोती घेऊन धावत होते, बाया लेकरं कडेवर घेऊन उभ्या होत्या, खालच्या बांध्यायमधलं धान डोळ्यादेखत झोपलं होतं. असं मोकाट पानी मनूच्या भिंतीवर? तिनं एकदम मागं, निळ्याच्या वरच्या कडेले, बारीक काळ्या गोट्यायची लांब पार रचली. पारीवर दोन मोहाची झाडं. मंग कुठी तिचा जीव थंड झाला.

वास्तूले माय धानाच्या रोवन्यात अडकली. टीना एकलीच एसटीनं निघाली, फ्रेम मांडीवर.

"वर ठेव ना बाई ते," कंडक्टर म्हने.

"तुमचं लेकरू वर ठेवता का?"

मनालीनं दारातच फ्रेम हातात घेतली, डोळे भरून पाह्यली अन् स्वतः खिळ्यावर टांगली. घटकाभर सगळं बरोबर होतं. मंग शकुनबाई चष्मा लावून आली.

"अगं बाई! समुद्राले पार? वरून झाडं? सूनबाई, हा तं तुमचा करडीचा तलाव झाला. बगळे आले, आता म्हशी येतीन धुवाले!"

हालभर लोकं हासले. मनालीचा नवरा अमर बी हासला. 'म्हशी तं कवाच्या आल्या' हे टीनाच्या जिभेवर आलं होतं. मनूच्या तोंडाकडे पाहून गिळलं.

थोड्या वेळानं अमरच्या ऑफिसच्या मोठ्या मॅडम आल्या. फ्रेमीसमोर उभ्या राहिल्या. "हे कोणी केलं?"

मनालीले वाटलं, आता हे बी हासनार. टीना पान्याचा ट्रे घेऊन बाजूलेच उभी होती. मनाली शहरातल्यासारखं बोलली, "ते ना, गावाकडून आलंय. आमच्याकडे कामाला एक मुलगी आहे, तिला नाद आहे असला."

"हीच का?"

मनालीनं खाली पाह्यलं. "हो. अगं, पाणी दे ना मॅडमना."

टीनानं तोंड उघडलं असतं तं एका शब्दात मनालीचं सगळं मातीत गेलं असतं, नवऱ्याच्या साहेबिनीसमोर. तिनं ट्रे पुढं केला.

"घ्या मॅडम, पानी."

"किती सुंदर केलंस गं," मॅडम म्हनाल्या. मनापासून म्हनाल्या. मनालीचं तोंड पांढरं पडलं, पन बोलून गेलेलं आता कुठून परत आनन?

मनालीनं तिले सैपाकघरात गाठलं. "टीने, माह्या तोंडातून निघून गेलं. घरी नको सांगू."

"हासली असतीस तं चाललं असतं. फ्रेम फेकली असतीस तरी चाललं असतं. बहीन काहून फेकली?"

बाहेरून शकुनबाईनं पत्रावळीसाठी आवाज देला. मनाली गेली.

टीना जेवली नाई. निघताना पाह्यलं तं भिंत खाली होती. फ्रेम चपलायच्या रॅकमागं उभी, पाखरायचं तोंड भिंतीकडे. उचलून न्यावं असं वाटलं. पन नेली तं मनूले विचारतीन, का झालं म्हनून. तशीच सोडली.

करडीले उतरली अन् सरळ धानाच्या बांधीवर गेली. रोवनाऱ्या बायायमधून माय वाकल्या वाकल्याच ओरडली, "लावली का वो फ्रेम?"

"लावली. एकदम समोर."

साऱ्या बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. उषाबाईनं चिखलाच्या हातानं कपाळाचा घाम पुसला. "अन् मनूनं का सांग्तलं लोकायले?"

"सांग्तलं ना. माही सख्खी बहीन आहे म्हने. साऱ्या हालमधी."

"ऐकलं का वो?" उषाबाई बायायले म्हनाली. "माह्या पोरी अशा आहेत! धान घरी आलं का आपन दोघी जाऊ टीने. मले बी पाहाची आहे, त्या भिंतीवर कशी दिसते ते."

टीनानं सलवार वर खोचली अन् चिखलात उतरली. पऱ्ह्याची पेंडी उचलली.

"जाऊ," ती म्हनाली, मायकडे पाठ करून.