सोयाबीनच्या पलीकडची रिंग

अन्याय झाला तो दिग्रस रोडवरच्या तांड्यातून रोज एसटीनं कॉलेजला येणाऱ्या माझ्या मैत्रिणीवर. कधी? यंदा दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, कॉलेज भरायच्या आधी. मुलींच्या बास्केटबॉल टीममधून तिला वगळलं, आणि वगळणाऱ्या सरांनी तिला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं.

काहून? तर कोर्टवर सोयाबीन वाळत होतं. सुगीत आमचं सिमेंटचं कोर्ट मागच्या शेतकऱ्यांना वाळवणाला देतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ओलं सोयाबीन नेतील कुठं? पण सरांनी निवड ऑफिसातच उरकली. पोरींना भिंतीला उभं करून उंची मोजली. हॉस्टेलला नव्यानं आलेल्या नागपूरकडच्या उंच मुली आत, आमची ही बाहेर.

"सर, मले काहून नाई घेतलं?"

"हाइट पाय ना तुही. कोणाच्या खांद्यावर बसून खेळशीन?"

ती वळली. बॉल उचलून कोर्टकडे चालू लागली. मी मागं.

सोयाबीन पसरलेलं असतं कोर्टच्या मधोमध. रिंगखाली तेवढी एक पट्टी मोकळी. दाण्यावर पाय द्यायचा नाही, हे आमच्याकडं कोणाला शिकवावं लागत नाही. म्हणून इथल्या पोरी सुगीत वाळवणाच्या अलीकडूनच बॉल मारतात. सरळ आत गेला तर पट्टीवर पडतो. रिंगला लागून उडाला, की सोयाबीनमध्ये.

मी कडेनं फिरून पट्टीवर उभी राहिले.

"पोरीहो, दाणे उडले तं येक येक वेचून द्या लागन!" राखणीला बसलेले काका ओरडले.

"काका, माहा बॉल येते का कधी तुमच्या सोयाबीनमंधी?"

तिनं मारला. बॉल इतका वर गेला की मला वाटलं, गेला आता. मग तो खाली आला आणि रिंगला न शिवता आत. जाळी कधीचीच फाटून गेलीय, त्यामुळं आवाजसुद्धा नाही. पुन्हा मारला. पुन्हा तसाच. दर सुगीला पाहते मी हे, तरी अंगावर काटा आला. काकांचा तंबाखू मळणारा हात थांबला होता.

नव्या मुलींतली सगळ्यात उंच मुलगी व्हरांड्यातून पाहत होती. खाली येऊन तिनंही एक मारून पाहिला. रिंगला लागून थेट सोयाबीनमध्ये.

"हं, बस आता वेचत!" काका म्हणाले.

ती हसत उकिडवी बसली, दाणे गोळा करता करता मैत्रिणीकडं वर बघत म्हणाली, "यार, तू नाहीस टीममध्ये? मग मी कशी काय?"

मी धावत ऑफिसात गेले. "सर, एकदा येऊन पाहा तिले."

"नावं ठरली," सर म्हणाले. खिडकी त्यांच्या पाठीमागंच होती. मान वळवली असती तरी दिसलं असतं.

बाहेरच्या मुलींना हाकला, असं मी म्हणत नाही. खेळू दे त्यांनाही. पण जिनं या कोर्टवर, या वाळवणावरून खेळ कमावला, तिला आधी पाहा. कॉलेजचं तिचं हे शेवटचं वर्ष आहे. आता नाही, तर कधीच नाही.

सोयाबीन काल उचललं. कोर्ट मोकळं आहे. सामने अजून व्हायचेत, नावं बदलता येतात. तुम्ही पालक असा, नाहीतर नुसते रस्त्यानं जाणारे असा, शनिवारी सकाळी कॉलेजात या. सरांना खुर्चीवरून उठवा, कोर्टवर आणा आणि सांगा: आधी हिला खेळताना पाहा, मग टीम ठरवा.