चौथ्या बराकीतलं बटण

सुमन, अशी जवळ सरक आणि आधी बोलणी खा. तुझ्या वडिलांबरोबर मी नोकरी केली, आणि इतक्या वर्षांनी तू एका ओळीचं कार्ड टाकतेस, "बाबा कसे गेले?" म्हातारी जिवंत आहे का, एवढं तरी विचारायचंस! असो. शाळा मी फार पाहिली नाही. बोलते तसंच लिहिते.

दुसऱ्या महायुद्धात नंदुरबार स्टेशनमागे जखमी जवानांचं हॉस्पिटल होतं. पत्र्याच्या सहा बराकी. मी बायकांच्या तुकडीत, फील्ड टेलिफोनवर. वायरिंग हवालदार भावरावांकडे, म्हणजे तुझ्या वडिलांकडे. धानोऱ्याचा माणूस, बोलणं आपलंच.

पावसाळा सरला की इन्सुलेशन टेस्ट, म्हणजे वायरीचं वेष्टण ओलं होऊन वीज गळते का ते पाहायचं. मेन बंद, फ्यूज बाहेर, बल्ब काढायचे. पण बटणं चालू ठेवायची. तरच मेगरची, म्हणजे हँडल फिरवून गळती दाखवणाऱ्या यंत्राची, तपासणी बटणापुढच्या वायरीपर्यंत पोचते. मला ते उलटंच वाटे. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेल्या माझ्या बापाने शिकवलेलं, वायरीजवळ जायचं तर पहिलं बटण बंद.

"तुन्हा बाप जिनमा, बई," भावराव हसायचे. "आठे, बराकीमा, मन्हं ऐक."

त्या दिवशी दुपारी दोनला ते बोर्डापाशी मेगर घेऊन, मी चौथ्या बराकीत टेलिफोनवर.

"बल्ब?"

"काढले."

"बटणं?"

"चालू."

"दूर सरक, बई."

त्यांनी हँडल फिरवलं. "काटा इन्फिनिटीवर. वायर चांगली शे."

दोन चाळीसला मेन चालू. भावराव चौथ्या बराकीतल्या ऑपरेशनच्या खोलीत स्टुलावर चढले. बल्ब लावला. पेटेना. त्यांचा एक हात पितळी होल्डरवर, दुसरा लोखंडी खांबावर.

"बटण देख, बई."

बटण बंद होतं. मी दाबलं.

ते ओरडलेसुद्धा नाहीत. मी बटण बंद केलं, डॉक्टर धावले. तीन दहाला चादर ओढली. बटणापुढची वायर आतून ओली होती, वीज तिथून पितळी होल्डरमध्ये उतरली. टेस्टच्या वेळीही बटण बंदच असणार, म्हणून मेगर तिथवर पोचलाच नाही.

चौकशीत विचारलं, टेस्टच्या वेळी बटण बंद कोणी केलं? मी सांगितलं, माहीत नाही. सगळी बटणं मी चालू केली होती. मग टेलिफोनकडे वळताना सवयीने हात गेला? की फरशी धुणाऱ्या बाईने बंद केलं? कधी बोटाखाली खटका उतरलेला स्पष्ट आठवतो. कधी वाटतं, ते मी नंतर मनात रचलं. कार्डावर उत्तर लिहायला बसले की हात तिथेच थांबतो. नंतर दाबलं ते मात्र मीच.

कागदावर "अपघात" लिहिलं. ड्यूटीवर गेले गं ते. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत, नवी वायर ओढून, डॉक्टरांनी एका जखमी पोराचा पाय वाचवला.

मी प्रकाशा गावाला असते, नदीच्या घाटाच्या वरच्या अंगाला. भांडायचं असेल तर भांडायला ये. पण लवकर ये, सुमन.