लायब्ररीत बोलायचं नाही!

लायब्ररीत बोलायला बंदी असते ना, म्हणूनच तिथले किस्से साठत जातात. दिवसभर पोटात ठेवायचे आणि संध्याकाळी भाजी निवडताना कोणी सापडलं की सोडायचे! त्यातले निम्मे माझे भास, असं आमच्या घरचं मत. अधूनमधून माझंही.

वसईतल्या आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत मी वर्तमानपत्रं सांभाळायची. विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी कात्रणं काढायची, चिकटवायची. माझ्या मुलीला, मनूला, सोबत न्यायची. अडीच वर्षांची झाली तरी पोर एक शब्द बोलत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "ऐकू येतंय, वाट बघा." सासूबाई म्हणाल्या, "आईच कागदात तोंड घालून बसते, पोरगी शिकणार कोणाकडून?" मला ते पटायचं, हीच पंचाईत!

ग्रंथपाल सावेसर मात्र खूश. "अहो बाई, इथे नियम पाळणारी ही एकटीच!"

* * *

एक रिटायर्ड मास्तर रोज यायचे. आधी निधनवार्ता वाचायच्या आणि मोठ्याने म्हणायचं, "माझं नाव नाही. म्हणजे घरी जेवायला जायला हरकत नाही!" रोज तोच विनोद, रोज आम्ही हसायचो.

एकदा त्यांनी पान वाचलं, पेपर नीट घडी करून ठेवला आणि न बोलता निघून गेले. मी घाबरून पान उघडलं. दोनदा वाचलं. त्यांचं नाव नव्हतं.

ते दुसऱ्या दिवशीच्या अंकात आलं.

* * *

बंद करताना सावेसर पुस्तकांच्या मांडण्यांकडे तोंड करून ओरडायचे, "आत कोण आहे?" एकदा एक विद्यार्थी आत कोंडला गेला होता, तेव्हापासूनची पद्धत.

एका शनिवारी, अर्धा दिवस म्हणून भर दुपारीच बंद करताना, आतून बाईचा आवाज आला, "आले, आले!"

आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो. कोणी आलं नाही. सर आत जाऊन सगळं फिरून आले, घाम पुसत म्हणाले, "चला."

त्यानंतर ते न विचारताच कुलूप लावू लागले. "विचारलं की थांबावं लागतं हो!"

* * *

जवळच्या गास गावची फिलोमिना एम.ए. करत होती. वादळांच्या जुन्या बातम्या शोधायच्या आणि ती वादळं पाहिलेल्या म्हाताऱ्यांचं बोलणं टेपरेकॉर्डरवर घ्यायचं, असं तिचं संशोधन. एकदा कळंबच्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराला घेऊन आली. मी बातमी काढून दिली. फोटोत किनाऱ्यावर उभे तिघे, खाली छापलेलं : 'बचावलेले खलाशी'.

म्हातारा बघतच राहिला. "ह्यो मधला माजा भाऊस. पन तो तं परत आलाच नाय!"

"जुना फोटो छापला असेल, बाबा," सर म्हणाले.

"मंग आंगात माजा सदरा कसा? जाताना त्याच दिवशी दिलता मी!"

फिलोमिनाने टेप बंद केला. प्रबंधात हे कुठल्या प्रकरणात घालायचं, तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

* * *

एकदा तिने नवे सेल घातले आणि टेप नीट चालतो का बघायला, मागच्या खोलीत चालू ठेवून बाहेर आली. आत फक्त मनू, कागदाचे कपटे घेऊन खेळत होती. खोलीला दार एकच, आणि त्या दारातच आम्ही तिघं चहा पीत उभे.

चहा संपल्यावर फिलोमिनाने टेप लावला. पंख्याची घरघर. कागद फाटल्याचा आवाज. मग स्वच्छ, गोड आवाजात, "हो."

मी किंचाळलेच! "मनू! माझी मनू बोलली!" फिलोमिनाला मिठी मारली, रडले. सर म्हणाले, "बाई, पेढे!" मनू कपट्यांतून मान वर करून आमच्याकडे बघत होती. तोंड घट्ट मिटलेलं.

टेप चालूच होता. पुन्हा पंखा. कोणी काही विचारावं आणि आपण ऐकून घ्यावं, एवढा वेळ नुसता पंखा.

"येतं की मला."

पुन्हा पंखा.

"नाही गं. आईला नाही सांगणार."