कुत्री पाण्याला भेत न्हाई

त्या दिशी टँकरपशी कोण कोण व्हतं ते आधी सांगते. मी व्हते. माझ्या सासूबाई व्हत्या, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. माझे धाकटे भावजी व्हते, काठी घेऊन. गावचे पोलीस पाटील व्हते. टँकरचा डायवर व्हता. घागरी घेतलेल्या बाया व्हत्या, आन गडीमाणसं, त्यातल्या सात-आठ जणांपशी काठ्या. आमचे मालक नव्हते, ते बैलं घेऊन छावणीवर व्हते. लेकरं माझ्या माहेरी, भोकरकडं, तिकडं हिरीला थोडं पाणी व्हतं. आन एक कुत्री व्हती, म्हातारी. काठ्या तिच्यासाठीच आणल्या व्हत्या.

लातूर नवा नवा जिल्हा झाला व्हता आन पाऊस बंद झाला व्हता. आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं. आधी कागदासाठी उस्मानाबादला जावं लागायचं, आता लातूर झालं. बाया टँकरची वाट बघत बसल्या की एक म्हणायची, "कलेक्टर जवळ आला गं, पाणी लांब गेलं." दुसरी म्हणायची, "मंग कलेक्टरलाच पिळ." हसायचो. टँकर चार दिसाआड यायचा. घराला सहा घागरी. त्यात पिणं, रांधणं, धुणं, सगळं.

मी रोजगार हमीवर जायचे, फाट्याच्या सडकेवर खडी फोडायला. फाट्यावर चहाचं एक हॉटेल व्हतं. पाणीच न्हाई तर चहा कशाचा, हॉटेलवाला पत्रे, बाकडी, सगळं गाडीत टाकून गेला. कुत्री ठिवून गेला. तोंड पांढरं पडलेलं, एक कान फाटका. पाठीवर हातभर जागा बिनकेसाची, तिथली चामडी चकाकायची.

दुपारी आमी भाकरी सोडल्या की ती लांब बाभळीखाली यायची. आमच्याकडं कुत्र्याला भाकर हातानं कोण देतंय, लांबून फेकायची. म्या बी फेकली. हात वर गेला तशी ती केकाटली, भाकर पडायच्या आधीच पळाली. संगं खडी फोडणारी बाई म्हणली, "भाकरीला भेणारं कुत्रं पयल्यांदाच बघूलाले मी."

दुसऱ्या दिशी तसंच. तिसऱ्या दिशी तसंच. मंग ध्यानात आलं. भाकर फेकायचा हात आन दगड फेकायचा हात, तिला दोन्ही एकच दिसत असतील. चौथ्या दिशी म्या तुकडा दगडावर ठिवला आन तिच्याकडं पाठ करून बसले. लई येळ गेला. मुकादम वरडला, "काय करूलालीस गं, उठ की!" उठले तवा दगड मोकळा व्हता.

असे पंधरा-वीस दिस. मंग त्या सडकेचं काम संपलं. कुत्री का आणली म्हणून लई जणांनी इचारलं मला. दुसऱ्या दिसापासून त्या दगडापशी कोणी बसणार नव्हतं, एवढंच. मी घराकडं निघाले, ती मागं निघाली, एका बैलगाडीचं अंतर ठिवून. मी थांबले की थांबायची.

आत्याबाई दारात व्हत्या. कुत्रीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"घरात पाणी न्हाई आन बाईनं पाहुणी आणली. किती दिस ऱ्हाणार हाय?"

"तिचं वय बघा की आत्याबाई. लई दिस कशानं ऱ्हाती."

"माझं बी वय तेच हाय," म्हणल्या आन आत गेल्या.

गोठा रिकामा व्हता. बैलांच्या गव्हाणीत ती जाऊन निजली, पार कोपऱ्यात. चार-पाच दिस तिथून हालली न्हाई. भावजींच्या वहाणा वाजल्या की थरथरायची. माझ्या बांगड्या वाजल्या तरी अंग चोरायची, म्हणून मी गोठ्यात जाताना पदर गुंडाळून बांगड्या दाबून धरायचे. भाकर गव्हाणीच्या काठावर ठिवायचे आन निघून यायचे. भाकर संपायची. पाणी मातर संपत न्हाई. जर्मलच्या, म्हणजी अल्मिनच्या, पातेलीत पेलाभर ठिवायचे, तेवढंच संध्याकाळी परत उचलायचे. वाया जाऊ नये म्हणून त्याच पाण्यानं भांडं इसळायचे.

एक दिस म्हणलं, आपणच तोंडापशी न्यावं. पातेली घेऊन गेले तर तिचे डोळे पांढरे झाले. तोंडातून लाळ गळाया लागली, मुतली, आन माझ्या अंगावरून उडी मारून भाईर पळाली. नेमके भावजी दारात.

"वहिनी, पिसाळली ती! पाणी बघून भेती, लाळ बघा!"

त्यांना नावं ठिवत न्हाई मी. आमच्या गावात एक माणूस पिसाळलेलं कुत्रं चावून गेलेला. पाणी बघितलं की खाटेवरून उडायचा. सगळ्या गावानं बघितलेलं ते. दुपारपर्यंत आळीभर बोभाटा झाला, संध्याकाळी पाटील दारात. चांगला माणूस, आवाज चढवला न्हाई.

"सूनबाई, परवा टँकर येतोय. सगळे गडी जमतात. तवा मिटवून टाकू. तवर आळीतली लेकरं तिकडं फिरकू देऊ नका."

"ती कोणाला चावली न्हाई, पाटील."

"चावल्यावर इलाज ऱ्हात न्हाई, सूनबाई."

मला बी भ्याव वाटलं. ते खरं निघालं तर काय, माझी लेकरं आठ दिसांनी परत येणार व्हती.

पर दोन दिसांची मुदत व्हती. म्या मनात धरलं, जी पीत न्हाई ती जगती कशानं? भाकर कोरडी. उन्हाळा असला. रातच्याला ती गव्हाणीत परत आली व्हती. सकाळी लवकर उठून मी चुलीपशी बसले आन खिडकीतून गोठ्याकडं बघत ऱ्हायले.

आमी लिंगायत. आत्याबाई अंघोळ आन लिंगपूजा केल्याबिगर तोंडात घोट घ्यायच्या न्हाईत. दुष्काळ असो न्हाई तर काय असो. दोन तांब्यांत अंघोळ करायच्या, आन त्यावरनं माझी आन त्यांची रोज कुरबुर. ते पाणी न्हाणीतून भाईर यायचं, कढीपत्त्याच्या झाडाखाली एक खळगी व्हती तिच्यात साचायचं. आत्याबाई पूजेला बसल्या, घंटी वाजली, तशी ती गव्हाणीतून उतरली. दबकत खळगीपशी गेली. आन पिली. घटाघटा पिली, मातीसकट.

मी तशीच जाऊन आत्याबाईंपुढं बसले. त्यांची पूजा व्हऊ दिली. मंग सांगितलं.

"म्हणजी माझ्या अंगाचा मळ पिऊन जगून ऱ्हायली व्हय ती," आत्याबाई म्हणल्या.

"तिला पाण्याचं भ्याव न्हाई. भांड्याचं हाय. पाठ बघा की तिची. कढत पाणी वतलंय कोणी, पातेलीतून."

आत्याबाई कपाळाला ईभूत लावत ऱ्हायल्या. भावजी मातर म्हणले, "खळगीतलं पाणी तुमी सपनात बघितलं आसंल, वहिनी. गाव माझं ऐकतंय का तुमचं?"

टँकर आला. मी घागरी घेऊन निघाले. सडकेवरून घरी येताना ती मागं आली व्हती तशीच त्या दिशी बी आली, गाडीभर अंतर ठिवून. मी दगड मारून परतवायला पायजे व्हतं. माझ्यानं हात उचलला न्हाई. आमची पयली घागर भरली तवर गड्यांनी तिला टँकर आन देवळाच्या भिंतीमधी कोंडलं व्हतं. ती भिंतीला चिकटून बसली. लाळ गळत व्हती.

"बघा, बघा तोंड," भावजी म्हणले.

म्या घागर घेतली आन मधी गेले. खाली बसून दोन्ही हातांनी माती उकरली, खळगी केली, आन घागर वतली.

असा गलका झाला! "येडी झाली का ही!" "पाणी मातीत घालती गं!" एक जणी म्हणली, "आगं माझ्या लेकराला दे की ते!" खरं व्हतं तिचं. भेगाळलेली जमीन, मी बघते तवर सगळं पाणी पिऊन बसली. कुत्री हालली न्हाई. म्या दुसरी घागर आणली, ती वतली. थोडं पाणी ठरलं. कुत्रीनं नाक हालवलं, पर समोर काठ्या.

तवा आत्याबाई आल्या. डोक्यावर आमची तिसरी घागर. उतरवली आन माझ्यापशी ठिवली.

"ही माझ्या अंघोळीची. वत."

मंग गड्यांकडं वळल्या. "मागं सरा रे. काठ्या खाली ठिवा. तुमी तिला भेताव, ती तुमाला भेती. कोणीतरी आधी गप बसा."

"काकू, चावली तर?" पाटील म्हणले.

"तर मला चावंल. मी म्हातारी हाय."

पाटलांनीच आधी काठी ठिवली. म्या घागर वतली आन तिच्याकडं पाठ करून बसले. समोर सगळं गाव, सगळ्यांची नजर माझ्या मागं. मला काही दिसत नव्हतं. डायवरनं इंजिन बंद केलं. आन मंग मला जिभेचा आवाज आला.

"पिती की," पाटील म्हणले.

"मावशी, तुमच्या पाहुणीला आता चहा बी पाजा," डायवर म्हणला. कोणी हसलं, कोणी शिव्या घातल्या. जिनं लेकरासाठी पाणी मागितलं व्हतं, तिला म्या आमच्यातली एक घागर दिली. दोन घागरीत चार दिस काढले. भावजी माझ्याशी आठ दिस बोलले न्हाईत. आत्याबाईंनी चार दिस ओल्या फडक्यानं अंग पुसून पूजा केली, जिंदगीत पयल्यांदा. त्यामुळं खळगीत पाणी न्हाई. मंग फुटक्या मडक्याच्या खापरात घोटभर दिलं. खापर वाजत न्हाई. त्यातलं ती पिली.

लई धीट कधी झाली न्हाई ती. घरात आली न्हाई. छावणीवरून बैलं आली तवा गव्हाण सोडून दाराच्या पायरीखाली गेली. दुपारी आत्याबाई पायरीवर वाती वळत बसायच्या, एक दिस बघितलं तर तिचं तोंड त्यांच्या पावलावर. "पाय मुंगी आला गं," आत्याबाई म्हणल्या, पर काढला न्हाई. दोन पावसाळे काढले तिनं, आन पायरीखालीच गेली. भावजींनीच खड्डा खणला.

वाचणाराला एक मागणं हाय. पिसाळलेलं कुत्रं खरंच असतंय, लेकरं लांब ठिवा, जनावराच्या डॉक्टरला बोलवा. पर एखादं म्हातारं कुत्रं निसतं भेत असंल तर चार दिस थांबा, ते कशाला भेतंय ते बघा. फैसला पयल्या दिशी करू नका.