शंका आली तर डावीकडे

चिमटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. कोंबडीची अंडी उबवायच्या हॅचरीतल्या बायांनी ते ठेवलं, तिच्या बोटांवरून. अंड्यातून निघून एक दिवसही झाला नाही अशी पिल्लं ट्रेमधून समोर यायची. त्यातलं एक उचलायचं, पंख उलगडायचा, पिसं बघायची. लांब-आखूड असली तर मादी, सारखी असली तर नर. मादी उजवीकडे खोक्यात, नर डावीकडे पिंपात. खोका अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या शेडवर जायचा. पिंप कुठे जायचं ते कुणी बोलत नसे, आणि न बोलून कळत नव्हतं असंही नाही.

एकोणीस वर्षं चिमटीने हे केलं. नवरा लवकर गेला, लेक लहान होती, राहायला हॅचरीचीच खोली. तेव्हा विचार करायला सवड कुणाला होती? सवड मिळाली ती गुडघा दुखायला लागल्यावर. शेजारीण तिला विहारात घेऊन गेली, म्हणाली, तिथे निदान खाली बसायला चटई तरी मऊ आहे. तिथल्या भिक्खुणीला सगळे आर्याजी म्हणत. त्यांचा आवाज बेताचा. सहा महिने ऐकून चिमटीने पाच शीलं घेतली. पहिलंच शील जिवाची हिंसा न करण्याचं. ते म्हणताना तिला डावीकडचं पिंप आठवलं.

हे काम करावं का, असं तिने आर्याजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "पोटाचा धंदा असा असावा बाई, की दुसऱ्याच्या जिवावर उठू नये. विष, मांस, दारू, जिवांचा व्यापार, हे टाळावेत. तुमचं तुम्हालाच ठरवायचंय."

चिमटीने ठरवलं, पण आपल्या पद्धतीने. हॅचरीचा एक नियम होता: शंका आली तर डावीकडे. खोक्यात एकही नर जाता कामा नये, पिंपात चार माद्या गेल्या तर गेल्या. चिमटीने हा नियम गुपचूप उलटा केला. शंका आली की उजवीकडे. आणि एकोणीस वर्षांत कधी न आलेल्या शंका तिला आता खोक्यामागे तीन-तीन यायला लागल्या. बाया हसायच्या, चिमटीला चष्मा लागला म्हणायच्या. ती पण हसायची. दोन महिने ती हलक्या पायाने घरी आली.

मग एक दिवस शेडवाला स्वतः आला. भांडायला आलाय असं वाटलं, पण माणूस भांडला नाही. तो तिच्या टेबलाजवळ उभा राहिला आणि दमल्यासारखा बोलला.

"बाई, कोंबडा आहे हे मला सहाव्या आठवड्यात कळतं, तुरा दिसायला लागला की. तोवर ते मला ओळखायला लागलेलं असतं. दाणे टाकायला गेलो की पायाशी धावत येतं. आणि मग त्याच हातानं मान पिरगाळायची. कोंबडे पोसायची माझी ऐपत नाही. इथल्या इथे बघा ना."

चिमटी त्याच्या हाताकडे बघत राहिली. दोन महिन्यांचं पुण्य किती ते तिने मनात मोजायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तिने मुकादमाला काम सोडते म्हणून सांगितलं. मुकादम वाईट नव्हता. त्याने एवढंच सांगितलं की घरातलं कुणीतरी कामावर असेल तरच खोली राहते, नाहीतर महिन्यात रिकामी करावी लागेल.

तो महिना तिने काम शोधण्यात घालवला. उंदराच्या औषधाच्या पुड्या भरायचं काम होतं. मासे साफ करायचं होतं. दारूच्या बाटल्या धुवायचं होतं. तिला हसू यायचं, की गावाने जणू आर्याजींची यादी वाचून तिच्या नेमकी उलट कारखानदारी उभी केलीय. शेवटी एका कचेरीचे जिने पुसायचं काम मिळालं, सकाळचे दोन तास. निर्मळ काम. त्यात बादलीचा खर्च निघेल, खोली नाही.

लेक पाळणाघरात कामाला होती. रडतं मूल तिने उचललं की गप्प व्हायचं, असा हात. चिमटीला त्या हाताचं फार कौतुक. महिन्याचे चार दिवस उरले असताना लेक संध्याकाळी उशिरा घरी आली आणि मोरीत हात धूत राहिली. चिमटी टॉवेल घेऊन गेली तर लेकीच्या मनगटाला, केसांत, पिवळी लव चिकटलेली.

चिमटी दाराला टेकली. "पाळणाघर सोडलंस?" तिने विचारलं.

"खोली राहिली," लेक म्हणाली. "मुकादम म्हणतो, आईचीच बोटं. आणि मी काही शीलं-बिलं घेतलेली नाहीत, आई. तुझी मोडत नाहीत ना? मग झालं."

चिमटीने लेकीच्या केसांतली लव एकेक करून काढली. जेवणं झाली. सकाळी जिने पुसायला जायचं म्हणून तिने बादली दाराशी ठेवली. विहारात परत जायचं तर आर्याजींना काय सांगायचं? आपले हात धुतले ते लेकीच्या हातांनी, हे सांगायचं?

लेक अंथरूण घालता घालता थांबली.

"आई, आज एक पिल्लू आलं, त्याची पिसं धड लांब-आखूड ना धड सारखी. मी कितीतरी वेळ तसंच हातात धरलं. मागून ट्रे येतच होते. शंका आली तर कुठे टाकायचं गं?"

चिमटीच्या डोळ्यांपुढे शेडवाल्याचा हात आला. आणि खोली, आणि लेकीचं वय. उजवीकडे म्हणावं असं तिच्या ओठांवर आलंही होतं.

"डावीकडे," ती म्हणाली. "आणि हातात धरून ठेवू नकोस. ऊब लागली की ते डोळे मिटतं."