मशीनवरची गोधडी
तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला तो दिवस आठवतो. दुसऱ्या दिवशी बायकोच्या घशाचं ऑपरेशन होतं. मंग आवाज राहणार न्हाई, म्हणून तिचं गाणं भरून घ्यायला सुनेनं घरीच कॉम्प्युटर जोडला. पण आतल्या पंख्याची घरघर माइकात येऊ लागली, तशी मी मशीनवर गोधडी टाकली. सून म्हणली, "मामा, काढा ती, मशीन तापंल." मी म्हणलं, "चाळीस वर्षं पेटी वाजवून राह्यलो, मला नको शिकवू." शेवटच्या कडव्याला मशीन बंद पडलं, ते कायमचंच, अन् भरलेलं गाणंबी त्यातच गेलं. बायको म्हणली, "झाली तुमची हुशारी? मोबाइलात पुन्हा गाते." पण खोकल्यानं गाऊ दिलं न्हाई. आता थंडीत ती तीच गोधडी माझ्या अंगावर टाकती अन् खुणेनं इचारती, ऊब आली का.